अकरा दिवसांची यादी

तातोबा खोतांनी दाराबाहेर चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि आत येऊन विचारलं, “मॅडम, मशीन म्हणायचं ते कुठलं?”

साखर कारखान्याच्या आमच्या कॉम्प्युटर-रूममध्ये तेव्हा आठ-दहा मशिनं होती. मी लग्नाची रजा संपवून त्याच सकाळी कामावर हजर झाले होते. हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. कीबोर्डला हात लावला की किणकिण व्हायची आणि शेजारच्या शेती खात्यातली मंडळी मुद्दाम खाकरायची. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, पण ते खाकरणं अजून कानात आहे.

“कुठलं हवंय काका तुम्हाला?”

“ऊसतोडीची यादी काढतंय ते.”

मी कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे बोट केलं. गुडघ्याएवढी काळी पेटी, आत पंख्याची घरघर. खोतांनी तिच्याकडे जरा निराश होऊनच बघितलं. मग पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकवाची पुडी काढली.

“काका, नारळ फोडू नका. पाणी गेलं आत तर बंद पडेल.”

“फोडत न्हाई. नुसता ठिवतो.”

त्यांनी पेटीच्या कपाळाला, म्हणजे त्यांना जे कपाळ वाटलं तिथं, हळदकुंकू लावलं, नारळ पुढ्यात ठेवला आणि हात जोडले. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर माझी मान ताठ झाली होती. ती यादी काढणारी आज्ञावली माझी होती आणि तिच्या वाट्याचा नमस्कार थोडा मलाही पोचत होता.

“काय एवढं केलं मशीननं तुमचं?”

“माझा ऊस मागं, चौगुल्याचा फुडं,” खोत स्टुलावर टेकत म्हणाले. “गाडीवाट त्याच्या रानातनं. त्याचा ऊस हुबा असला की माझी गाडी भाईर पडत न्हाई. आता नोंद माझी बारा दिवस आधीची. मशीन तारखंवर चालतंय म्हटल्यावर मी धास्तीच घेतलेली. माझी तोड आधी येणार, ऊस तुटणार, आन् चौगुल्याचं रान मोकळं हुईस्तवर बांधावर वाळत पडणार. पर तुमच्या मशीननं सोमवारी चौगुल्याला घेतलं, मंगळवारी मला. माझ्या वाटंचं त्याला कुणी सांगितलं वो?”

“नियमात असतं ते काका,” मी ठोकून दिलं.

खोत समाधानानं गेले. मी मात्र खुर्चीत तशीच बसून राहिले, कारण नियमात तसलं काही नव्हतं. नियम मीच लिहिले होते.

ज्यांना साखर कारखान्याचं माहीत नाही त्यांना सांगायला हवं. हंगाम सुरू झाला की प्रत्येकाला वाटतं आपला ऊस आधी तुटावा. मग कुणाचा कुठल्या दिवशी तोडायचा याचा क्रम लावावा लागतो. त्याला क्रमपाळी म्हणतात, आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. आमच्या कारखान्यात एकतीस हंगाम हा क्रम एकच माणूस लावत होता. बाळगोंडा मगदूम. सगळे त्यांना अण्णा म्हणत. किडकिडीत अंग, पांढरी टोपी, आणि लाल कापडात बांधलेली चौदा रजिस्टरं. पहाटे ते यादी करत, साडेपाचला ती फाटकाच्या बोर्डावर लागे. मग ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन फडावर, म्हणजे ज्याचा ऊस तोडायचा त्या रानात, जात.

मी चिपळूणची. ऊस आम्ही रसाच्या गाड्यावर बघितलेला. कंत्राटी नोकरीवर आले आणि दोन महिन्यांत ठरवून टाकलं की हे सगळं सर्व्हरनं करायला पाहिजे. डेटाबेसच्या सर्व्हरमध्येच एक सोय असते. एखादं काम आणि त्याची वेळ त्याच्याकडे सोपवून ठेवली, की तो माणसाची वाट न बघता ते काम पाठीमागे गुपचूप उरकतो. पडद्यावर काही दिसत नाही. रोज पहाटे चारला त्यानं सगळ्या नोंदी चाळायच्या, लागणीच्या नोंदीची तारीख, उसाची जात, पक्वता बघायची आणि त्या दिवसाची यादी तयार ठेवायची. अण्णांनी पाचला येऊन छपाईचं बटण दाबायचं, बस्स. ऑक्टोबरात मी ते काम सुरू केलं, आणि पहिल्या दिवशी यादी आपोआप निघालेली बघून मी घरी फोन लावून आईला सांगितलं. आईनं विचारलं, मग आता तुला तिथं काय काम.

चेअरमन बापूसाहेब निकमांनाही साधारण असाच प्रश्न पडला होता. मी लग्नासाठी अकरा दिवसांची रजा मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही हितं असताना चालतंय त्यात काय नवल न्हाई. तुम्ही नसताना चालू द्या. अकरा दिवस यादी बिनचूक निघाली तर मशीन कायम आणि तुम्हीबी कायम. मगदूमांचं रजिस्टर बंद करू, त्यांना काट्यावर बसवू. न्हाई निघाली तर आपलं जुनं बरं, आणि तुम्ही दुसरीकडं बघा. तुम्ही याल त्या दिवशी तीनला मंडळाची सभा हाय, तिथंच ठरवू.”

काट्यावर म्हणजे वजनकाट्यावर. गाडी आली, आकडा लिहिला, गाडी गेली. एकतीस हंगाम यादी लावलेल्या माणसाला निवृत्तीपर्यंतची उरलेली तीन वर्षं तिथं काढायची होती. अण्णा तेव्हा तिथंच उभे होते.

आमचं तसं वाकडं नव्हतं, पण गोडही नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीला एकदा ते येऊन म्हणाले होते, “मॅडम, वाटंचं काय केलंय?”

“कसली वाट?”

“रानातली. कुणाची गाडी कुणाच्या रानातनं जातीय ते.”

“ती त्यांची त्यांनी बघायची,” मी म्हणाले होते. “वाट म्हटली की प्रत्येकाला सबब मिळेल. नियम म्हणजे नियम.”

त्या पहिल्या महिन्यात तशा दोन तक्रारीही आल्या होत्या. क्रमपाळी नोंदीच्या तारखेनुसार आहे, असं छापील उत्तर मी त्यांना पाठवलं. मला वाटायचं, नंबर पुढे घ्यायची ही यांची युक्ती आहे.

लग्नात माझा जीव निम्मा बोहल्यावर आणि निम्मा सर्व्हरमध्ये. रोज सकाळी सहाला मी अण्णांना फोन लावायची. “अण्णा, यादी?” ते म्हणायचे, “फाटकावर लागलीय. तुम्ही हळदीला बसा.” दुसऱ्या दिवशी, “लागलीय. आज काय कार्यक्रम?” असं रोज. अमोघनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सातव्या दिवशी विचारलं की हे अण्णा तुझे कोण. मी म्हणाले, माझ्यामुळे ज्यांची खुर्ची जाणार आहे ते. तो म्हणाला, मग ते इतक्या प्रेमानं का बोलतात. मी विषय बदलला.

तर खोत गेले, आणि मी मागच्या अकरा दिवसांच्या याद्या पडद्यावर काढल्या. प्रत्येक फडापुढे एक रकाना होता, हा फड यादीत कशामुळे आला. सर्व्हरनं आपणहून घेतलेल्या फडापुढे ‘स्वयं’ असं पडायचं. एक दुसरी सोयही मी ठेवली होती. उसाला आग लागली तर तो ऊस थांबत नाही, लगेच तोडावा लागतो. अशा वेळी तो फड हातानं यादीत घालता यावा म्हणून एक छोटा फॉर्म केला होता आणि तो वापरायला अण्णांना शिकवलं होतं. त्यातून घातलेल्या फडापुढे ‘जळीत’ असं लागायचं.

पडद्यावर सगळीकडे जळीत होतं. वरपासून खालपर्यंत, एकही ‘स्वयं’ नाही. मी पुढच्या दिवसाची यादी काढली, त्याच्या पुढच्या दिवसाची काढली. माझ्या आज्ञावलीवर विश्वास ठेवायचा तर अकरा दिवसांत नऊशे चाळीस फडांना आग लागली होती आणि अर्धा तालुका जळून खाक झाला होता. शेवटच्या रकान्यात, फड कुणी घातला तिथं, नऊशे चाळीस वेळा एकच नाव होतं. बा. मगदूम.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. मी गेले त्या दिवशी दुपारी वीज गेली होती, जनरेटर लागेपर्यंत बॅटरीनं मान टाकली आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. ऑक्टोबरात मी त्याला फक्त तोंडी सांगितलं होतं म्हणा ना, की पाठीमागची कामं करायला लाग. तो चालू होता तोवर ते त्याच्या लक्षात होतं. पण सुरू होताना तो स्वतःची सेटिंगची फाइल वाचतो, आणि तिच्यात मी ती ओळ लिहिलीच नव्हती. त्यामुळे तो उठला आणि पाठीमागचं काम करायचंच नाही असं समजून शांत बसला. चूक झाली असती तर चुकीची नोंद राहिली असती. ज्यानं कामच सुरू केलं नाही त्याची नोंद कुठेच नव्हती.

एक ओळ. मी ती फाइलमध्ये लिहिली, काम पुन्हा सुरू केलं, तपासून बघितलं. दोन मिनिटांत सगळं ठीकठाक झालं. घड्याळात सव्वाबारा वाजले होते. सभा तीनला होती. आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, ज्या फक्त कायम नोकरांना मिळत, त्या बापूसाहेबांच्या भरवशावर मी आधीच मागून ठेवल्या होत्या. आमच्या सामानाचा टेम्पो सकाळी चिपळूणहून निघाला होता.

अण्णा रजिस्टरच्या खोलीत होते. लाल कापडं झटकून, घड्या घालून एका बाजूला ठेवत होते. मला बघून हसले.

“या की नवरी. बसा. चुडा शोभतोय.”

मला बसवेना. “अण्णा, यादी तुम्ही केलीत.”

“कळालं व्हय,” ते म्हणाले. “मला वाटलं हुतं सांजपर्यंत तरी लागंल.”

“अकराही दिवस?”

“पयल्या दिवशी बटण दाबलं तर नुसता मथळा आला कागदावर. खाली कोरं. दोनदा दाबलं. म्हटलं, बाई बोहल्यावर, मशीन रुसलं. मग रजिस्टर काढलं आणि केली यादी. पर काट्यावरचं मशीन तुमच्या यादीत नाव असल्याबिगर गाडीचं वजनच घेत न्हाई. मग ते आगीचं पान हाय न्हवं तुम्ही शिकवलेलं, त्यातनं एकेक फड आत घातला. त्या दिवशी वीस मिनटं उशीर झाला. दुसऱ्या दिवसापास्नं साडेतीनला येत गेलो.”

अण्णा दोन बोटांनी टाइप करत. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, चष्मा वर करून पडद्याकडे बघायचं. रोज ऐंशी-नव्वद फड. मी मनात हिशेब केला आणि मला लाज वाटली.

“मला फोनवर का नाही सांगितलंत? मी तिथून कुणाला तरी सांगून सुरू केलं असतं.”

“तुम्ही लगीन टाकून पळत आला असता. ओळखतो की मी तुम्हाला.”

“आणि साहेबांना? साहेबांना सांगितलं असतंत तर मशीन नापास झालं असतं. तुमची खुर्ची राहिली असती.”

अण्णांनी हातातली घडी खाली ठेवली. “यादी न्हाई लागली तर काय हुतंय म्हाईत हाय का तुम्हाला? फाटकावर चारशे बैलं हुबी ऱ्हात्यात. टोळीतल्या बाया लेकरं घिऊन थंडीत बसून ऱ्हात्यात, कुठल्या फडावर जायाचं कळत न्हाई. तुमच्यासाठी न्हाई केलं मी ते. माझ्यासाठीबी न्हाई. यादी लागाय पायजे, म्हणून लावली.” मग म्हणाले, “आता एक करा. ते पहाटं यादी काढायचं घड्याळ तुमचं पुन्हा लावा, आन् सभेत गप बसा.”

“लावलंय.”

“झालं तर मग. तुमचं सामान निघालंय म्हणं. काट्यावर बसायला काय लागतंय मला? खुर्ची हाय, पंखा हाय.”

ते पुन्हा घड्या घालू लागले. मी परत जागेवर आले. सर्व्हरपुढे खोतांचा नारळ तसाच होता, कपाळाला कुंकू होतं. मला त्या पेटीचा राग आला, मग माझा आला. तीन वाजेपर्यंत मी काय करायचं ते ठरवत होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. काय करायचं ते कळलं होतं. ते केल्यावर अमोघला आणि टेम्पोवाल्याला काय सांगायचं, तेवढंच ठरत नव्हतं.

सभेला सतरा संचालक होते. चहा झाला होता. बापूसाहेबांनी सुरुवातच कौतुकानं केली. “अकरा दिवस मॅडम नव्हत्या. एक दिवस यादी चुकली न्हाई. उलट ह्या अकरा दिवसांत एकबी तक्रार आली न्हाई, पयल्या महिन्यात आल्या तेवढ्यासुद्धा. खोतांनी तर आज मशीनला नारळ वाढवला म्हणं.”

“ठेवला,” कुणीतरी दुरुस्त केलं, आणि सगळे हसले.

“बोला मॅडम. तुम्हीच सांगा आता.”

मी उभी राहिले. बांगड्या वाजल्या म्हणून हात पाठीमागे घेतले. “साहेब, त्या अकरा दिवसांत मशीननं एकही यादी केली नाही. मी गेले त्याच दिवशी ते बंद पडलं. चूक माझी होती, एक ओळ लिहायची राहिली. सगळ्या याद्या मगदूम अण्णांनी केल्या. हातानं.”

बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग शिपायाला म्हणाले, “मगदूमांना बोलवा.”

अण्णा आले. टोपी हातात. मी काय सांगितलं असेल ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे एकदा वैतागून बघितलं. शाळेत मास्तर बघतात तसं.

“मगदूम, ह्या काय म्हणत्यात ते खरं?”

“खरं हाय.”

“मला का सांगितलं न्हाई?”

“तुम्ही यादीचं विचारलं हुतं साहेब. ती लागत हुती.”

एक संचालक हसले आणि मग बापूसाहेबांकडे बघून थांबले. बापूसाहेब मात्र हसत नव्हते. ते पेन्सिल टेबलावर आडवी-उभी करत राहिले.

“म्हणजे मशीन नापास,” शेवटी ते म्हणाले.

“हो साहेब,” मी म्हणाले.

“आणि मगदूम पास. पर मगदूम तीन वर्षांनी जाणार. त्यांच्या मागं काय करायचं आम्ही? रजिस्टरला विचारायचं?” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “असं करू. मशीन मगदूमांच्या हाताखाली द्या. त्यांनी सांगायचं, ह्यांनी शिकवायचं मशीनला. मॅडम, तुम्हाला कायम करायचं का न्हाई ते मी ठरवत न्हाई. हंगाम संपला की मगदूम लिहून देतील. ते व्हय म्हटले तर व्हय.”

“आणि वसाहतीतल्या खोल्या?” मी विचारलं. ते विचारायची वेळ नव्हती हे मला माहीत होतं, पण टेम्पो तोवर कुंभार्ली घाट ओलांडून आला होता.

“तेबी मगदूमांना विचारा,” बापूसाहेब म्हणाले, आणि आता मात्र ते हसले.

अण्णांनी खोल्यांना होकार दिला. पण तात्पुरता, असं दोनदा बजावून.

मग सुरू झालं आमचं शिक्षण. रोज दुपारी दोन ते पाच मी आणि अण्णा रजिस्टरच्या खोलीत बसायचो. ते एकेक पान उघडत आणि समासात पेन्सिलीनं काढलेल्या बारीक रेघा मला वाचून दाखवत. त्या रेघा मी आधी कितीदा बघितल्या होत्या. मला वाटलं होतं, वहीत रेघोट्या ओढायची सवय असते काहींना. त्या वाटा होत्या. कुणाची गाडी कुणाच्या रानातून जाते, कुठल्या ओढ्याला डिसेंबरपर्यंत पाणी असतं, कुठल्या चढावर भरलेली बैलगाडी चढत नाही म्हणून तिथं ट्रॅक्टरवाली टोळी द्यायची. कुठल्या दोन भावांचे फड एका दिवशी द्यायचे, नाहीतर बांधावर काठ्या निघतात, हेसुद्धा त्यात होतं.

“हे कसं लिहू मी नियमात?” मी विचारलं.

“भांडणाचं नगा लिहू. मिटंल ते कधीतरी,” अण्णा म्हणाले. “वाट लिव्हा.”

मी डेटाबेसमध्ये वाटेसाठी नवी जागा केली. अडीच महिन्यांत सहा हजार फडांच्या वाटा भरल्या. संध्याकाळी अमोघ येऊन बसायचा आणि त्याला अण्णा रानांच्या मोजणीचे किस्से सांगत. पुढेपुढे तो माझ्यापेक्षा त्यांच्यासाठीच लवकर यायला लागला. सर्व्हर रोज पहाटे चारला आपलं काम करायचा, अण्णा पाचला येऊन त्यानं केलेली यादी बोट लावून वाचायचे आणि चुकलेल्या जागी पेन्सिलीनं खूण करायचे. पहिल्या आठवड्यात पंचवीस खुणा होत्या. मग बारा, मग सात. मी रोज सकाळी आधी खुणा मोजायची, मग चहा घ्यायची. फेब्रुवारीत एक दिवस यादीवर एकही खूण नव्हती. मी तो अमोघला दाखवायला घरी नेला. अण्णा म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी दोन खुणा होत्या.

मी त्या दिवसांत इतकी सुखात होते की मला ते तेव्हाही कळत होतं. सुख बहुतेक वेळा नंतर कळतं असं लोक म्हणतात, पण माझं तसं झालं नाही. दुपारी दोन वाजले की मी घाईनं डबा संपवायची.

मार्चच्या शेवटी गाळप बंद झालं. भोंगा वाजला, बैलगाड्या गावाला निघाल्या. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांच्या ऑफिसातून अण्णांकडे माझा कागद आला. त्यावर छापलं होतं, सौ. हेमांगी सुर्वे यांना सेवेत कायम करण्याबाबत अभिप्राय. खाली चार ओळींची जागा. अण्णांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि विचार करत बसले. मला दोन महिने एक गोष्ट विचारायची होती. त्यांनी लिहायच्या आधी विचारावी असं वाटलं, नंतर विचारली तर ते उत्तर लग्नाच्या आहेरासारखं उपचारापुरतं झालं असतं.

“अण्णा, त्या अकरा दिवसांत तुम्ही यादी माझ्या नियमानं केली असतीत ना, नुसती तारखेवर, तर मला कधीच कळलं नसतं. खोत आले नसते. मी ते पान उघडलं नसतं. सभेत सगळं तुमच्या मनासारखं झालं असतं.”

“म्हाईत हुतं मला.”

“कधीपासून?”

“पयल्या दिवसापास्नं. चौगुल्याचा फड आधी टाकतानाच मनात आलं, आता हे उघडं पडणार. मशीनला वाट ठावी न्हाई हे सगळ्यांस्नी ठावं हुतं.”

“मग खोतांना आधी घ्यायचं होतं. मशीननं घेतलं असतं तसं.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, पण मी इतके दिवस शेजारी बसून हेही शिकले नाही याचं जरा नवल होतं.

“नाव मशीनचं असंल, पर यादी मी करत हुतो,” ते म्हणाले. “चुकीची हाय म्हाईत असून कशी लावू?”

आणि त्यांनी त्या कागदावर ‘वाटा शिकल्या, कायम करावे’ अशी एकच ओळ लिहिली, सही केली, तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत तो हातात धरून बसले.